हळदीच्या वखारीमागची करंटची खोली

सैन्यात मला घेतलं नाही ते तळपायांमुळं. साताऱ्याला भरती होती. डॉक्टरनं पाय भिजवून फरशीवर उभं राहायला सांगितलं, उमटलेला ठसा बघितला आणि हातानंच 'जा' म्हणून खूण केली. माझे तळपाय सपाट आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आमचे वडील पेन्शनर हवालदार. थोरला भाऊ तेव्हा ब्रह्मदेशाच्या बाजूला लढाईवर होता. मलकापुरात आमच्या आळीत घरटी एक तरी माणूस पलटणीत असायचा. मी परत आलो तेव्हा वडील उठून अंगणात गेले. आई मात्र चुलीपुढं बसून हळूच म्हणाली, "बरं झालं. एक तरी डोळ्यांपुढं ऱ्हाईल."

पण डोळ्यांपुढंही राहणं झालं नाही. घरात रिकामा बसलेला तरणा मुलगा वडिलांना बघवेना. त्यांच्या एका पलटणीतल्या दोस्ताच्या ओळखीनं मला सांगली-मिरजेकडच्या एका गावात वीज कंपनीत वायरमन म्हणून चिकटवलं. गावाचं आणि कंपनीचं नाव मी सांगत नाही. त्या कंपनीतली बरीचशी माणसं आता नाहीत, आणि जे झालं ते नावाशिवायही सांगता येतं.

नदीकडच्या अंगाला पावरहाउस होतं. त्यात क्रूड ऑइलचं इंजिन दिवसभर ठकठक करत असायचं. ती ठकठक गावात कुठंही उभं राहिलं तरी ऐकू यायची. लोकांना तिची इतकी सवय झाली होती, की ती कुणाच्या कानावर पडायची नाही. तिथून तीन हजार तीनशे व्होल्टची लाइन खांबांवरून बाजाराच्या पलीकडं, हळदीच्या वखारीमागं यायची. तिथं एक दगडी खोली होती. खोलीत ट्रान्सफॉर्मर. तो मोठा दाब तिथं कमी व्हायचा आणि मग वीज गिरण्यांना, दुकानांना, वाड्यावस्त्यांना जायची. लोक तिला 'करंटची खोली' म्हणायचे. कुणी जवळ फिरकायचं नाही. एक बाई सोडून.

त्या बाईचं घर वखारीला लागून होतं. खोलीची मागची भिंत दिवसभर उन्हात तापायची, म्हणून ती त्या भिंतीवर शेणी थापायची. आम्ही तिला कितीदा तरी हटकलं. "मावशी, भिंत धरून ठेवील हां एक दिवस," असं मी तिला भीती घालायला म्हणायचो. ती म्हणायची, "भिताड कुटं माणूस धरतंय व्हय? वाळत्यात लय चांगल्या." आणि थापतच राहायची.

माझ्या वर मिस्त्री होते. जतकडच्या माळरानातले. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. तरुणपणी दुष्काळात घर सोडलं आणि घाटावर खांब उभे करणाऱ्या टोळीत शिरले, तिथं हे काम शिकले. उंच, सडपातळ, डोक्याला सदा मळकं मुंडासं. बोलायला कमी. मी नवीन असताना एकदा एका दुकानात दिव्याचं बटण दुरुस्त करताना मला झटका बसला. मी हात झाडत शिव्या देत उभा राहिलो. मिस्त्री म्हणाले, "ही घरातली वीज. ही चावती. खोलीतली हाय ती चावत न्हाई गड्या, ती खाती."

त्यांनी मला खोलीत वागायचं कसं ते शिकवलं. पावरहाउसवरनं लाइन बंद करून घ्यायची. मग खोलीच्या दाराशी उभं राहून, लांब लाकडी काठीनं तांब्याच्या उघड्या पट्ट्यांवर लोखंडी साखळी टाकायची. साखळीचं दुसरं टोक जमिनीत पुरलेलं. कुणी चुकून लाइन चालू केलीच, तर करंट साखळीतनं जमिनीत जातो आणि पावरहाउसवरचा स्विच आपोआप पडून लाइन धाडकन तुटते. मग आत शिरायचं. "साखळी हाय तवर आपुन माणूस," असं ते म्हणायचे. खरं तर गावातल्या खांबावर लाइन तोडायचा एक स्विच होता, तो असता तर पावरहाउसवर विसंबायची गरज नव्हती. पण तो मोडला होता आणि लढाईमुळं नवा माल मिळत नव्हता. मालकांनी तारा सरळ जोडून टाकायला लावल्या होत्या.

लढाईमुळं दुसरंही एक झालं होतं. सरकारनं घड्याळं तासभर पुढं केली होती. रेल्वे, कचेऱ्या, पावरहाउस नव्या टायमावर चालायचं. गाव मात्र जुन्या टायमावर जेवायचं, झोपायचं. मिस्त्रींच्या बंडीत साखळीचं एक जुनं घड्याळ असायचं. त्याचे काटे त्यांनी हलवले नाहीत. मी एकदा सांगून बघितलं. ते म्हणाले, "सूर्व्या फुडं गेलाय व्हय तासभर? मग म्या का सरकू?"

पावरहाउसवर सकाळच्या पाळीला इंजिनावर जो ड्रायव्हर असायचा, त्याला मिस्त्रींचा हा हट्ट माहीत होता. त्यांनी चार म्हटलं की तो पाच धरायचा.

ते दिवस चैताचे होते. हळदीचा हंगाम संपत आला होता. वखारीत हळद पॉलिश करायचं काम जोरात चालायचं आणि तिची पिवळी धूळ सगळीकडं बसायची. झाडांवर, पत्र्यांवर, आमच्या खोलीतल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवरसुद्धा. ती धूळ पुसली नाही तर पहिल्या दमट हवेला त्यावरनं ठिणग्या धावतात. म्हणून आम्ही दुपारच्याला लाइन बंद घेतली. पावरहाउसवर सकाळच्या ड्रायव्हरला मिस्त्रींनी सांगितलं, "चारपातूर बंद ठेव." तो म्हणाला, "ठेवतो." आम्ही सायकलवरनं खोलीकडं आलो, साखळी टाकली आणि आत शिरलो.

खोली कशी होती ते नीट सांगितलं पाहिजे. समोर लोखंडी दार. मध्यभागी तेलानं भरलेली ट्रान्सफॉर्मरची टाकी, माणसाच्या छातीएवढी. दारापासून टाकीपर्यंत तांब्याच्या तीन पट्ट्या भिंतीलगत आलेल्या, काही डोक्याच्या उंचीला, काही खांद्याच्या, आणि टाकीवर आल्या की छतापर्यंत चढलेल्या. टाकी आणि भिंत यांच्यात एकच माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. त्या फटीतनं वाकून, पट्ट्यांच्या खालनं सरकत मागच्या कोपऱ्यात जायचं. लाइन बंद असली की पाठ पट्टीला घासली तरी चालायचं. मागच्या कोपऱ्यात जमिनीपासून हातभर वर एक झरोका, त्याला गज. त्याच भिंतीवर बाहेरनं मावशीच्या शेणी.

आम्ही दोघं मागच्या कोपऱ्यात होतो. मी खाली उभा, मिस्त्री लाकडी स्टुलावर. एक पाय स्टुलावर, एक गुडघा टाकीच्या झाकणावर टेकवलेला, आणि वरचे इन्सुलेटर पुसत होते. चिंधी मळली की खाली द्यायचे, मी दुसरी ओली करून वर द्यायचो. सगळं पुसून झालं, साखळी ज्या इन्सुलेटरांजवळ अडकवली होती तेवढेच राहिले. मी दारापर्यंत गेलो, काठीनं साखळी काढून उंबऱ्याशी ठेवली, ते इन्सुलेटर पुसले आणि परत मागं आलो, कारण मिस्त्री म्हणाले, "ह्यो एक चिरलाय का बघाय पायजे, स्टूल धर." आता निघायचंच होतं. साखळी परत टाकायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मी एका हातानं स्टूल धरलं आणि दुसऱ्या हातानं चिंधी वर केली. मिस्त्रींनी ती घ्यायला हात खाली आणला. त्याच वेळी टाकीतनं आवाज आला.

गुणगुण. बारीक, एकसारखी, पोटात जाणारी. हा आवाज मी दाराबाहेरनं शंभरदा ऐकला होता. आतनं कधीच नाही.

आम्ही दोघंही होतो तिथंच गोठलो. मिस्त्रींचा हात खाली, चिंधीवर. तो वर असता तर तिथंच संपलं असतं. त्यांच्या तोंडापुढं एक पट्टी, पाठीमागं एक. मुंडाशाच्या वर आणखी एक. आणि गुडघा लोखंडी टाकीवर. एका बाजूला पट्टी आणि दुसऱ्या बाजूला टाकी, मध्ये माणूस. कुठंही लागलं की रस्ता पुरा होत होता.

"मिस्त्री," मी म्हणालो.

"बोलू नगं. स्टूल धर. दोनी हातानं धर."

मी चिंधी सोडली आणि खाली बसून स्टुलाचे पाय धरले. स्टूल जुनं होतं, एका पायात किंचित डुगडुगायचं. एरवी त्याचं काही वाटायचं नाही.

"खाली उतरता येतंय का बघा," मी म्हणालो. "मी सांगतो. गुडघा उचला."

त्यांनी गुडघा उचलायला जोर दिला तसं अंग मागं गेलं. मी ओरडलो, "थांबा!" पाठ आणि पट्टी यांत पंजाभर जागा राहिली होती. ते थांबले. मग पुढं झाले, पण फार पुढं नाही, कारण तोंडापुढंही पट्टी होती. उतरायचं म्हणजे मागं झुकायला हवं, आणि मागं झुकायला जागा नव्हती. चढताना ते त्याच पट्टीला धरून चढले होते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हितंच बसतो. चार वाजलं न्हाईत अजून. कुणी सोडला करंट?"

ते मला नंतर कळलं. पावरहाउसवर पाळी बदलली होती. सकाळचा ड्रायव्हर घरी जाताना दुपारच्याला सांगून गेला, "मिस्त्री चारपर्यंत बंद म्हणालेत." दुपारच्यानं भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलेले बघितले आणि लाइन चढवली. ते चार नव्या टायमाचे होते. मिस्त्रींच्या घड्याळात तेव्हा तीन वाजत होते.

मला स्टूल सोडता येत नव्हतं. सोडलं असतं तरी कुठं जाणार? दाराकडं जायची फट पट्ट्यांखालनं होती. घाबरलेला, घामानं निथळणारा माणूस तिच्यातनं वाकून जाईल आणि कुठंच लागणार नाही, याची खात्री नव्हती. दार उघडं नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं. त्याच्या कडेनं उन्हाची एक रेघ आत आली होती. ती रेघ दिसत होती आणि तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. साखळीही उंबऱ्याशी पडलेली दिसत होती.

मी झरोक्याकडं तोंड करून ओरडायला लागलो. वखारीतलं यंत्र वीज आल्याबरोबर सुरू झालं होतं, त्याच्या घरघरीत माझं ओरडणं कुणाला ऐकू जाईना. मी ओरडत राहिलो. वरनं मिस्त्रींचा घाम माझ्या मानेवर, हातांवर पडत होता. टाकी हळूहळू तापत होती. मिस्त्रींनी दात दाबून श्वास घेतला तो मला ऐकू आला.

"चटका बसतोय?"

"बसू दे. तू बोल काय तरी. गप बसलास की मला पाय लटपटल्यागत वाटतंय."

काय बोलायचं? मग मी भरतीचं सांगितलं. ओले पाय, फरशी, डॉक्टर. मिस्त्री म्हणाले, "म्हंजी पाय सपाट म्हणून तू लढाईतनं वाचलास व्हय," आणि त्यांना हसू आलं. हसताना खांदे हलले. मी वर बघितलं आणि म्हणालो, "हसू नका, आवं, हसू नका."

तेवढ्यात झरोक्यासमोर साडीचा काठ दिसला. मावशी वाळलेल्या शेणी काढायला आली होती.

"मावशी!"

ती दचकून मागं सरली. मग वाकून आत बघितलं. "कोन हाय आत?"

"मी वायरमन. आज भिंतीसाठी हटकत नाही, ऐका. करंट चालू झालाय. मिस्त्री वर अडकलेत. पावरहाउसवर पळत जावा. करंट बंद कराय सांगा. आम्हाला सोडवा म्हणावं. लौकर!"

तिला किती समजलं माहीत नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. मी इतके दिवस तिला ज्या भिंतीची भीती घालत होतो, ती भिंत आज बोलत होती. पण ती थांबली नाही. शेणींची पाटी तिथंच टाकली आणि पळत सुटली. तिच्या पायांचा आवाज लांब गेला.

मग वाट बघणं. पावरहाउस बाजाराच्या पलीकडं. अनवाणी बाई, उन्हात. मी तिच्या वाटेनं मनातनं चालत होतो. आता तेलगिरणी, आता बाजार, आता नदीची उतरण. माझे हात स्टुलाच्या पायांभोवती ताठले होते. घट्ट धरलंय की सैल, ते मला कळत नव्हतं. एकच ठाऊक होतं, की मी शिंकलो तरी वरचा माणूस मरेल.

मिस्त्रींचा स्टुलावरचा पाय थरथरायला लागला. आधी पोटरी, मग सगळा पाय. मी माझा खांदा त्यांच्या पायाला लावला. "पेटका आलाय," ते म्हणाले. "लय न्हाई धरवत आता."

"येईल ती. आलीच."

आणि ती खरोखरच आली. धापा टाकत झरोक्याशी बसली. "सांगिटलं!" ती म्हणाली. "सांगिटलं म्या. करंट सोडा म्हनलं. त्यो म्हनला, सोडलाय की बाई कवाच. सोडलाय म्हंतोय!"

मला क्षणभर अर्थ लागला नाही. 'आम्हाला सोडवा' आणि 'करंट बंद करा' या दोन्हींचं धावता धावता तिच्या तोंडात एकच झालं होतं. आणि करंट सोडणं म्हणजे चालू करणं, त्यामुळं ड्रायव्हरनं खरं तेच उत्तर दिलं होतं.

वरनं मिस्त्री म्हणाले, "सोडलाय?" त्यांच्या आवाजात सुटका होती.

टाकी गुणगुणत होती. मी ओरडलो, "न्हाई! चालू हाय! हलू नका!"

पण पाय आधीच सुटला होता. तो त्यांनी सोडला की त्यानंच त्यांना सोडलं, मला सांगता येणार नाही. ते तोल सावरायला गेले आणि उजवा हात वर गेला. निळा-पांढरा उजेड झाला, बंदुकीगत आवाज झाला. मग गुणगुण थांबली.

मिस्त्री माझ्या अंगावर अर्धे पडले होते. पाय टाकी आणि स्टूल यांच्यात, डोकं माझ्या छातीवर. मुंडासं जळत होतं. जळलेल्या केसांचा आणि मांसाचा वास. बाहेर मावशी किंचाळत होती.

लाइन तुटली होती. पण मला ठाऊक होतं, की ती तुटलेली राहणार नाही. लाइन अशी धाडकन पडली की ड्रायव्हर समजायचा, वटवाघूळ चिकटलं असेल, नाहीतर फांदी आडवी आली असेल. थोडं थांबून तो परत चढवायचा. आम्हीच त्याला तसं शिकवलं होतं. दाराकडं पळायला तो वेळ पुरला असता. साखळीपर्यंतही कदाचित पोचलो असतो. मिस्त्रींचा हात मात्र वर, पट्टीवरच पडलेला होता. मी त्यांना काखेत धरलं आणि सगळ्या ताकदीनं कोपऱ्यात ओढलं. हात पट्टीवरनं घसरून खाली आला. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा पाय सुटले. आम्ही दोघं भिंतीला टेकलो आणि टाकी परत गुणगुणायला लागली.

मी मुंडासं ओढून काढलं आणि पायानं विझवलं. मिस्त्रींचे डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. छाती हलत होती. उजवा हात मी एकदाच बघितला.

"मावशी," मी म्हणालो. "'सोडा' म्हणू नका. 'बंद करा' म्हणा. 'माणूस जळला' म्हणा. हे घेऊन जावा." आणि अर्धं जळलेलं मुंडासं मी गजांतनं बाहेर दिलं.

तिनं ते हातात घेतलं. एकदा आत बघितलं. "बंद करा," ती स्वतःशी म्हणाली. "बंद करा, बंद करा." तसं म्हणतच ती गेली.

ही दुसरी वाट पहिलीपेक्षा मोठी वाटली. आता स्टूल धरायचं नव्हतं, पण हलायचंही नव्हतं. मिस्त्रींचं डोकं मांडीवर घेऊन मी भिंतीला पाठ लावून बसलो. पाठीमागं भिंत ऊन होती. ते मधूनच पाणी मागत होते आणि पाणी दाराबाहेर सायकलला अडकवलेल्या किटलीत होतं. मी त्यांना सांगत होतो, आत्ता देतो, आत्ता देतो. हळदीचा वास, तेलाचा वास आणि तो वास.

मग ठकठक थांबली. मी आधी ओळखलंच नाही. वाटलं, माझे कान बसले. मग वखारीतलं यंत्र मंदावत मंदावत बंद झालं, टाकी गप्प झाली, आणि गावातनं कुठनं तरी एका कोंबड्याचा आवाज ऐकू आला. ड्रायव्हरनं स्विच नव्हे, इंजिनच बंद केलं होतं. मावशीनं मुंडासं त्याच्यासमोर टाकलं तेव्हा तो काही विचारायला थांबला नव्हता.

तो स्वतः धावत आला. दार उघडलं. "बंद हाय," तो म्हणाला. "इंजिनच बंद केलंय. या बाहेर."

मी हललो नाही. मला ते खरं वाटेना. "साखळी टाक," मी म्हणालो. "आधी साखळी टाक."

त्यानं काठी घेऊन साखळी पट्ट्यांवर टाकली. काहीच झालं नाही. तरी मला उठता येत नव्हतं. शेवटी तोच वाकून आत आला आणि आम्ही दोघांनी मिस्त्रींना त्या फटीतनं सरकवत बाहेर काढलं. बाहेर ऊन होतं, वखारीतली माणसं जमली होती. कुणीतरी हळद वाहणारी बैलगाडी आणली. तिच्यातनंच मिरजेला नेलं.

हात कोपराखाली काढावा लागला. गुडघ्याची जखम पावसाळाभर भरली नाही. पण ते वाचले.

मालकांनी चौकशी केली. टेबलावर मिस्त्रींचं घड्याळ ठेवलं होतं, ते अजून चालू होतं. मालक म्हणाले, "हे तासभर मागं आहे. दोष याचा आहे." दुपारचा ड्रायव्हर माझ्याशेजारी उभा होता. त्या दिवसापासून त्याला नीट झोप नव्हती. तो म्हणाला, "साहेब, ते मागं न्हवतं. आपलं फुडं हुतं." मालकांनी त्याच्याकडं बघितलं आणि विषय संपवला. मिस्त्री गावी गेले.

लढाईच्या दिवसांत दुसरा माणूस मिळत नव्हता, म्हणून त्यांच्या जागी मला नेमलं. त्याच खोलीत मलाच जायचं होतं. मी रजा काढून मलकापूरला आलो आणि वडिलांना सांगितलं, की मला हे जमणार नाही. भावाची खबर बरेच दिवस आली नव्हती. वडील अंगणात चिलीम भरत होते. म्हणाले, "तो तिकडनं सोडून यील व्हय?" त्यांचा त्यात राग नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आई आत होती, ती बाहेर आली नाही. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो.

त्यानंतर खोलीत शिरायचं असलं की दुपारचा ड्रायव्हर स्विचचा दांडा काढून माझ्या पिशवीत टाकायचा. मी न मागताच. "तुझ्याजवळ असू दे," म्हणायचा, "म्हंजी मला चालूच करता येणार न्हाई." घड्याळावर बंद घेणं आम्ही दोघांनी सोडलं. मालकांना ते कळलं, त्यांनी हरकत घेतली नाही. तरीही दांडा पिशवीत आणि साखळी पट्टीवर असताना त्या फटीतनं आत सरकलो, की माझा श्वास बंद व्हायचा. मी मागच्या कोपऱ्यात पोचायचो, काम करायचो आणि बाहेर येईपर्यंत काय केलं ते आठवायचं नाही. बाहेर आलो की किती तरी वेळ सायकल धरून उभा राहायचो.

मावशी एकदा पावरहाउसवर आली. मिस्त्री वाचले का ते विचारायला. मी सांगितलं, वाचले. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "माझ्या तोंडानं घात केला." मी म्हणालो, "तुमच्या पायांनी वाचवलं." ते तिला पटलं नाही. भिंतीवर तिनं पुन्हा शेणी थापल्या नाहीत.

लढाई संपली. भाऊ परत आला, वाळलेला आणि अबोल, पण आला. घड्याळं परत मागं केली. भावानं घरची उसाची जमीन बघायला घेतली. मला आता नोकरी सोडता आली असती. पण तोपर्यंत दुसरं काही येत नव्हतं आणि घरात माझ्यासाठी कामही उरलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात मी मिस्त्रींकडं गेलो. एसटी नव्हती तेव्हा, खासगी मोटारीनं जतपर्यंत आणि पुढं माळावरनं पायी. ते मेंढवाड्याच्या कुंपणाशी बसले होते, मेंढीच्या पाठीवरची लोकर कातरत. मेंढी गुडघ्याखाली दाबलेली आणि डाव्या हातात कात्री. मला बघून उठले. बायकोला हाक मारली. तिनं ताक दिलं.

इकडतिकडचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "गड्या, एक इचारू? त्या दिवशी काय झालं? मला काय बी आठवत न्हाई."

मला वाटलं, थट्टा करतायत. "काहीच न्हाई?"

"आपुन वखारीम्हागं झाडाखाली भाकरी खाल्ली, कांदा फोडला, तवर आठवतंय. मग दवाखाना. मधलं काय बी न्हाई. ड्रायव्हर सांगाय लागला हुता, पर त्यो रडाय लागला."

त्यांची बायकोही दाराशी येऊन बसली. मी सांगायला लागलो. सगळं सांगितलं. स्टूल, गुडघा, घाम, भरतीची गोष्ट आणि त्यांचं हसणं, मावशीचं 'सोडलाय', उजेड, मुंडासं. इतके दिवस मी हे कुणालाच पुरतं सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. बोलताना माझे हात पुन्हा स्टुलाचे पाय धरल्यागत आवळले होते ते मला दिसलं, पण मी ते सोडवू शकलो नाही. मिस्त्री दुसऱ्या कुणाची हकीकत ऐकावी तसे ऐकत होते.

माझं सांगून झालं. मग ते पुढं झाले आणि डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"लय झालं की रं तुला," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोनं तवा ठेवला. आम्ही जेवलो. ऊन उतरायच्या आत मी निघालो, कारण जतहून संध्याकाळची मोटार गाठायची होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं.